गांजा, दारू, तंबाखू : धोक्याचा ताळेबंद मांडला तर काय दिसतं?

बेळगाव : गांजा पकडल्याची बातमी आपल्या भागात आता नवी राहिलेली नाही. कधी शहराच्या उपनगरात, कधी कॉलेजच्या आसपास, कधी महामार्गालगत. इतके ग्रॅम गांजा, दोन मोबाईल, एक दुचाकी, दोघे ताब्यात. बातमी चार ओळींत संपते. कट्ट्यावरची चर्चा मात्र संपत नाही आणि तिथे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "दारूपेक्षा गांजा बरा. साधू-बैरागी पिढ्यान्‌पिढ्या ओढत आलेत, कोण मेलं?" दुसरा म्हणतो, "एकदा ओढला की पोरगा हातचा गेलाच समजा."

दोन्ही मतांत थोडं खरं आहे, पण पूर्ण खरं एकही नाही. आणि ज्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराला हे अर्धं खरं महागात पडू शकतं. म्हणून प्रत्येक पदार्थाचं जमा-खर्चाचं पान उघडून बघू. कोणता पदार्थ किती जीव घेतो, किती जणांना चिकटतो, मेंदूचं काय करतो आणि शेजारच्याला किती त्रास देतो, असे चार रकाने पुरे.

कायदा हे आरोग्याचं माप नव्हे

आपले वाचक चार-पाच राज्यांत पसरलेले आहेत, त्यामुळे ही गंमत त्यांना लगेच कळेल. वडोदऱ्यात दारूच्या बाटलीसाठी परमिट लागतं, तर पणजीत ती रस्त्यावरच्या दुकानात मिळते. इंदुरात भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार भांगेलाही परवाना लागतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर, भांग ही अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात बसत नाही, असं म्हटलं.

हा केंद्रीय कायदा १९८५ चा, सगळे त्याला एनडीपीएस म्हणून ओळखतात. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांची भांग बाहेर राहते. झाडाचा चीक वेगळा काढला की तो चरस. शेंडे, पानं, चीक हे सगळं एकाच झाडाचं, पण कायद्यात तीन खाती.

पदार्थांतला फरक कायद्यालाही मान्य आहे. "अल्प मात्रा" गांजासाठी १ किलोपर्यंत, चरससाठी १०० ग्रॅमपर्यंत आणि हेरॉइनसाठी फक्त ५ ग्रॅमपर्यंत धरली जाते. व्यापारी प्रमाणाची सुरुवात गांजाला २० किलोपासून, चरसला १ किलोपासून आणि हेरॉइनला २५० ग्रॅमपासून होते. गांजाच्या बाबतीत व्यापारी प्रमाण सिद्ध झालं तर किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस वर्षं सक्तमजुरी.

पण याचा अर्थ, जे बंद ते जास्त घातक आणि जे चालू ते कमी घातक, असा कोणी काढू नये. तंबाखू प्रत्येक पानपट्टीवर मिळते आणि चारही रकान्यांत मिळून तिचं पान सगळ्यांत जड आहे. ते आता बघूच.

पहिला रकाना : जीव

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे तंबाखूमुळे जगात दरवर्षी ८० लाखांहून जास्त माणसं मरतात. त्यातली सुमारे १३ लाख स्वतः न ओढणारी, दुसऱ्याच्या धुरात बसणारी. भारतात तंबाखूचे बळी वर्षाला साधारण साडेतेरा लाख धरले जातात. दारूमुळे जगात २०१९ मध्ये २६ लाख मृत्यू झाले, असं याच संघटनेचा अहवाल सांगतो.

अफूच्या कुळातल्या पदार्थांचं, म्हणजे हेरॉइन, ब्राऊन शुगर, आपल्याकडचं "गर्द", यांचं मरण लगेच येतं. हे पदार्थ मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र मंदावतात. मात्रा चुकली की माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबतो. त्यात सुई आली की एचआयव्ही आणि काविळीचा धोका वेगळा.

गांजातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. ते ज्या जागांवर जाऊन काम करतं, त्या जागा श्वासाच्या केंद्रात फारच कमी आहेत. म्हणून नुसत्या गांजाच्या जास्त मात्रेने मोठा माणूस श्वास थांबून मेला, असं सहसा होत नाही. "गांजाने कोण मेलं?" या प्रश्नामागचं खरं तेवढं हे. पण गांजाने नाडी वेगाने धावते, त्यामुळे ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याच्यासाठी ओढल्यानंतरचा पहिला तास धोक्याचा असतो. लहान मुलाने चुकून भांगेची गोळी, लाडू किंवा थंडाई पोटात घातली तर ते बेशुद्ध होऊ शकतं. होळीला आणि महाशिवरात्रीला घरात भांग घोटली जात असेल, तर एवढं तरी ध्यानात ठेवावं.

दुसरा रकाना : किती जणांना चिकटतं?

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्याप्रमाणे १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे सुमारे १६ कोटी. भांग, गांजा, चरस मिळून ३ कोटी १० लाख, त्यात भांगवाले २ कोटी २० लाख आणि गांजा-चरसवाले १ कोटी ३० लाख. काही जण दोन्हीकडे, म्हणून बेरीज जुळत नाही. अफूच्या कुळातले पदार्थ घेणारे २ कोटी २६ लाख.

आता यातल्या किती जणांचं प्रकरण मदत लागण्यापर्यंत गेलंय ते बघा. दारूचे ५ कोटी ७० लाख, गांजा-भांगेचे ७२ लाख, अफूच्या कुळातल्यांचे ७७ लाख. भागाकार केला तर दारू पिणाऱ्या तिघांत एकापेक्षा थोडे जास्त, अफूवाल्यांत तिघांत एक आणि गांजा-भांगवाल्यांत चार-पाच जणांत एक. भांग घेणारे संख्येने जास्त असले तरी त्रासात सापडणाऱ्यांचं प्रमाण गांजा-चरसवाल्यांत जास्त आहे, हेही त्याच पाहणीत दिसलं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणावर आधारलेला १९९४ चा अभ्यास आजही याबाबतीत सांगितला जातो. एखादा पदार्थ कधी ना कधी घेतलेल्यांपैकी पुढे त्याच्या आहारी किती गेले, याचा तो हिशेब. तंबाखू ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा ९. म्हणजे चिकटण्यात तंबाखूने हेरॉइनलाही मागे टाकलं. पण गांजाचे ९ टक्के म्हणजे अकरा जणांत एक, आणि सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयात झाली तर हे प्रमाण सहा जणांत एकाच्या आसपास जातं. रोज ओढणाऱ्यांत त्याहूनही जास्त.

"गांजाची सवय लागतच नाही" हे म्हणूनच खोटं आहे. सोडताना चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, जीव कासावीस होणं हे सगळं होतं. फरक इतकाच की त्यात जीव सहसा जात नाही. पक्क्या दारुड्याने मात्र एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. घरात कोंडून दारू सोडवायचा उपाय म्हणूनच जिवावर बेततो.

झोपेच्या गोळ्यांचंही असंच. हैदराबादच्या वाचकांना हे सांगायला नको. तिथे ताडीत अल्प्राझोलामसारखं औषध मिसळण्याचा धंदा जुना आहे. २०२० च्या टाळेबंदीत ताडी बंद झाली तेव्हा एर्रागड्डाच्या मानसोपचार रुग्णालयात झटके, भास, थरथर घेऊन रुग्णांची रीघ लागली होती. त्यातल्या अनेकांच्या दृष्टीने ते फक्त ताडी पीत होते.

तिसरा रकाना : डोकं

इथे गांजाचं पान जड व्हायला लागतं, आणि "गांजा बरा" म्हणणारे नेमके हेच पान उलटतात.

स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांची पुढची पंधरा वर्षं पाहणी झाली आणि निष्कर्ष १९८७ मध्ये छापून आले. भरतीच्या आधीच पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण, कधीच न घेतलेल्यांच्या सहापट निघालं. युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणी झालेला अभ्यास २०१९ मध्ये आला. रोज गांजा घेणाऱ्यांत भास, संशय असा मनोविकार होण्याची शक्यता तिप्पट आणि रोज कडक माल घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट दिसली. कडक म्हणजे टीएचसी दहा टक्के किंवा त्याहून जास्त.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यायला हवी. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो. त्याच्या काही पट म्हटलं तरी बहुतेक ओढणाऱ्यांना तो होत नाही. म्हणूनच कट्ट्यावरचा जुना गांजेकस छातीठोक सांगू शकतो की "मला बघा, काही झालं नाही." पण ज्यांना होतो त्यांचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं त्यात जातं. आणि आधीपासून कोणाच्या नशिबात ते आहे हे सांगायची चाचणी नाही. घरात आई-वडील, काका, मामा यांपैकी कोणाला असा आजार होता का, एवढीच एक खूण हाताशी आहे. अशा घरातल्या मुलाने गांजाच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. मेंदूची घडण विशी ओलांडून, पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते. चाळिशीच्या माणसाने कधीतरी घेतलेली भांग आणि पंधरा वर्षांच्या मुलाने रोज ओढलेला गांजा यांची तुलनाच होत नाही. रोजच्या ओढण्याने लक्ष लागत नाही, वाचलेलं राहत नाही, हे तर शिक्षकसुद्धा सांगतात.

न्यायाचं म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटिश संसदेत ओरड झाली म्हणून १८९३ मध्ये इथल्या सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या. त्या काळी मध्य प्रांतात गांजाचं पीक खांडव्याकडे, म्हणजे आपल्या इंदूरकरांच्या शेजारी, परवान्याने घेतलं जाई. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्यांत वेडाचं कारण म्हणून सर्रास "गांजा" लिहिलेलं होतं. आयोगाने १८९२ सालच्या रुग्णांची प्रकरणं एकेक करून तपासली, तेव्हा त्यातल्या बऱ्याच नोंदींना आधार सापडला नाही. दुसरं कारण कळलं नाही की रकान्यात गांजा लिहून मोकळं व्हायचं, असा प्रकार होता. बेताने घेणाऱ्यांना सहसा अपाय नाही, अतिरेकाने मात्र अपाय होतो, आणि बंदीपेक्षा कर व नियंत्रण बरं, असं आयोगाने १८९४ मध्ये सांगितलं.

हा अहवाल गांजाचे समर्थक नेहमी पुढे करतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वीचा माल आणि आजचा माल एक नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. आता आपल्याकडेही "हायड्रो" नावाचा, बंद खोलीत पाण्यावर वाढवलेला कडक गांजा येतो. थायलंडहून आलेला असा माल मुंबई आणि बेंगळुरूच्या विमानतळांवर वारंवार पकडला जातो. आजोबांच्या चिलमीचा दाखला नातवाच्या हायड्रोला देणं म्हणजे ताकाचा अनुभव दारूला लावण्यासारखं आहे.

चौथा रकाना : शेजारच्याचा त्रास

व्यसन एकट्याचं नसतं. दारूचा हिशेब इथे सगळ्यांत वाईट. घरातली मारहाण, रस्त्यावरचे अपघात, उधारी, विकलेलं मंगळसूत्र. ब्रिटनमध्ये डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वीस पदार्थांना, घेणाऱ्याचं आणि इतरांचं नुकसान धरून, शंभरापैकी गुण दिले. दारू ७२, हेरॉइन ५५, तंबाखू २६, गांजा २०.

पण या गुणांवरून गांजाला पास करून टाकायची घाई नको. एकूण नुकसान आणि माणशी नुकसान या दोन वेगळ्या रकमा आहेत. दारूचं एकूण नुकसान मोठं दिसतं, त्यामागे दारू पिणारेही खूप आहेत हे कारण आहेच. उद्या गांजाही तितक्याच दुकानांत मिळाला आणि तितक्याच जणांनी घेतला, तर त्याची रक्कम आजच्या इतकीच राहील असं कोणी समजू नये.

गांजा ओढून गाडी चालवली तर अपघाताची शक्यता वाढते. दारूइतकी नाही, पण वाढते, आणि दोन्ही एकत्र झालं तर जास्तच. गरोदर बाईने ओढला तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका असतो. धूर कसलाही असो, बंद खोलीत तो दुसऱ्याच्या छातीत जातो. शिवाय आपल्याकडे चिलमीत असो की कागदात, गांजा बहुतेक वेळा तंबाखू मिसळूनच ओढतात. म्हणजे "मी फक्त गांजा ओढतो" म्हणणारा तंबाखूच्या पानावरही आपलं नाव लिहीत असतो.

आपल्या सीमेवरचं चित्र

निपाणी आपल्याच जिल्ह्यातलं. बिडीच्या तंबाखूवर या भागाने संसार उभे केले. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी तिथे रस्ता अडवला, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या लढ्याचा मान राखूनच म्हणायला हवं की या पिकाने खाणाऱ्यांचे घेतलेले जीव कोणी मोजत बसलं नाही.

२०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये तंबाखू वापरणारे महाराष्ट्रात २६.६ टक्के, कर्नाटकात २२.८ टक्के आणि गोव्यात ९.७ टक्के होते. गुटखाबंदी गोव्याने २००५ मध्ये, महाराष्ट्राने २०१२ मध्ये, कर्नाटकाने २०१३ मध्ये केली. तरी गुटख्याची पोती हद्दीवर पकडली जातातच, आणि पानमसाला वेगळा, जर्दा वेगळा अशा दोन पुड्या घेऊन गिऱ्हाईक स्वतःच गुटखा तयार करतं. गोव्याची स्वस्त दारू चोर्ला आणि आंबोलीच्या घाटातून कशी वर येते, ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून प्रश्न असा पडतो : दोनशे ग्रॅम गांजासह पकडलेल्या पोराचा तोंड झाकलेला फोटो आपण छापतो, ते पोर कोर्टाच्या फेऱ्यांत अडकतं, नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पोलिस पडताळणीत त्याचं नाव येतं. आणि त्याच गावात तोंड उघडत नाही इतका मावा खाल्लेला तरुण कोणाच्या बातमीत नसतो. पुरवठा करणाऱ्या टोळ्यांवर कारवाई हवीच. पण ओढणाऱ्या पोराला गुन्हेगार ठरवून त्याची सवय सुटत नाही, हेही तितकंच खरं.

घरच्यांनी करायचं काय?

पहिलं म्हणजे मुलांशी खरं बोलायचं. "एकदा ओढलास की मेलास" असं सांगितलं आणि त्याच्या मित्राला काहीच झालं नाही, की पोर तुमच्या गर्दबद्दलच्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. ती चूक फार महाग पडते.

दुसरं, लक्षणं ओळखायची. मुलगा एकटा बसायला लागला, रात्र-रात्र जागतो, कोणीतरी पाळत ठेवतंय म्हणतो, कानात आवाज येतात म्हणतो, तर देवऋषी आणि अंगारे-धुपारे यात महिने घालवू नका. अशा आजारात उपचार जितके लवकर तितका माणूस परत उभा राहण्याची आशा जास्त.

तिसरं, मदत जवळ आहे. बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, महाराष्ट्रात पुण्याचं मुक्तांगण. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. हे फोन फुकट आहेत.

चौथं, पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, फक्त सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम वकिलांना माहीत असतं, पण ज्या आई-वडिलांना त्याची गरज आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

ताळेबंदाची शेवटची ओळ अशी : जीव घेण्यात तंबाखू आणि दारू पुढे, झटपट मारण्यात गर्द पुढे, आणि कोवळ्या डोक्याच्या बाबतीत गांजाला सूट नाही. "त्यापेक्षा हे बरं" म्हणून कोणी समोर पुडी धरली, तर हे चारही रकाने त्याला वाचून दाखवा.